चंपाषष्ठीची साखर

चंपाषष्ठीला आमच्या गल्लीत कुत्रा मिळेना, तिथून सगळं सुरू झालं. एरवी देवासला कुत्र्यांची काय वानवा! संध्याकाळी स्कूटर काढा, दोन-चार भुंकत मागे लागतातच. पण त्या शनिवारी दुपारी भरीत-रोडग्याचं पान अंगणात तसंच पडलेलं, देवघरात माणसं खोळंबलेली, आणि माझे थोरले दीर भगवंतदादा पाटावर बसलेले. पोटावर इन्सुलिनची सुई टोचून झालेली आणि पोटात अन्नाचा कण नाही.

पण गोष्ट दादांची नाही, त्यांच्या बायकोची आहे, माझ्या थोरल्या जावेची. मी त्यांना वहिनी म्हणते, मालनवहिनी. हे लिहू का असं विचारलं तेव्हा वहिनी लगेच हो म्हणाल्या. आमच्या अक्कांनी हो म्हणायला बराच वेळ घेतला.

दादा-वहिनी धारला राहतात. दादांचं मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे, शेतातल्या पाण्याच्या मोटरी जळल्या की तांब्याची तार नव्यानं गुंडाळून द्यायची. वहिनी घरी साड्यांना फॉल-पिको करतात. मी लग्न होऊन या घरात आले तेव्हापासून त्यांच्या तोंडी एकच वाक्य ऐकत आले, ‘मला नाही बाई जमायचं.’ गॅसची टाकी बदलायची? नाही जमायचं. बँकेत जाऊन विचारायचं? नाही बाई. मला मनस्वी राग यायचा. हात असे चालतात की मशीन मागं पडावं, आणि तोंड उघडायची वेळ आली की भिजलेलं मांजर! त्यांचं माहेर निसरपूरचं. नर्मदेवरच्या धरणाचं पाणी गावात चढायला लागलं तेव्हा या माहेरी गेल्या, सगळ्यांची भांडी पोत्यात भरून दिली आणि परत आल्या. भाऊ भांडले, भावजया रस्त्यावर बसल्या, पण यांच्या तोंडून ‘का’ म्हणून निघालं नाही. पुरुषांनी, साहेबांनी ठरवायचं आणि आपण बांधाबांध करायची, अशीच त्यांची समजूत होती.

दादांना शुगर निघून पुष्कळ वर्षं झाली. गोळ्यांनी भागेना तेव्हा इन्सुलिन सुरू झालं. दादा जळकी मोटर डोळे मिटून उघडतील, पण सुई बघितली की तोंड फिरवतात. शेजारचे एक कंपाउंडर रोज येऊन टोचून जायचे. ते मुलाकडे इंदूरला राहायला गेले आणि प्रश्न पडला. मुलगी लग्न होऊन गेलेली, घरात तिसरं माणूस नाही. उरल्या वहिनी.

त्याच सुमाराला धारमध्ये एका संस्थेनं शुगरच्या पेशंटच्या घरच्यांसाठी वर्ग काढला होता, धर्मशाळेच्या हॉलमध्ये, दर बुधवारी. दादांनी वहिनींना जवळजवळ ढकलतच नेऊन बसवलं. शिकवणारी स्वानंदी नावाची मुलगी. मराठी घरातली, पण बोलणार हिंदीत, कारण समोर सगळे मालवी बोलणारे. तिची रीत मला फार आवडली. ती भाषण करायची नाही. ज्यानं त्यानं आपल्या हातानं करायचं. संत्र्यात सुई खुपसायची, डोस भरायचा, बुडबुडा काढायचा, बोट टोचून मशीनवरचा आकडा वाचायचा. चुकलं की ती म्हणायची, “कोई बात नी काकू, फिर से.” पहिल्या बुधवारी वहिनींच्या हातून संत्रंच खाली पडलं. वर्ग संपेपर्यंत त्या दादांना अशी सुई देऊ लागल्या की दादा विचारायचे, “दिली का?” मला फोनवर हे सांगताना त्यांचा आवाजच निराळा होता. मी म्हटलं, “वहिनी, पक्क्या कंपाउंडर झालात की!” तर म्हणतात कशा, “अगं, काल गॅसची टाकीसुद्धा मीच लावली.”

एक गोष्ट मात्र त्यांना शेवटपर्यंत जमली नाही. स्वानंदी वर्गात नाटक करून घ्यायची. एकानं हट्टी पेशंट व्हायचं, जेवण टाळायचं, पथ्य मोडायचं, आणि दुसऱ्यानं त्याला चारचौघांत अडवायचं. वहिनींसमोर एक दुकानदार गृहस्थ बसले. “मेरे को भूख नी है, तू चुप बैठ,” एवढंच ते म्हणाले, आणि वहिनी खरंच चूप बसल्या. सगळे हसले. मग स्वानंदीनं विचारलं, “काकू, सुई देने का कितना भरोसा है? उँगलियों से बताओ.” वहिनींनी दोन्ही हातांची बोटं उघडली. “और घरवालों को टोकने का?” त्यांचे हात मांडीवरच राहिले. हे त्यांनीच मला हसत हसत सांगितलं होतं, पण त्यात हसण्यासारखं काही नव्हतं.

आमचा कुलस्वामी खंडोबा. घट आमच्या देवासच्या घरी बसतो, म्हणून दरवर्षी दोघं धारहून येतात. घराण्यात दादा थोरले, तेव्हा चंपाषष्ठीचा उपास त्यांचा आणि तळी उचलायचा मानही त्यांचा. आणि सगळ्यांवर हुकूम अक्कांचा. अक्का म्हणजे दादांची आणि माझ्या नवऱ्याची मोठी बहीण, विधवा, आमच्याकडेच असतात. गेली दोनेक वर्षं त्यांच्या अंगात देव येतो. रविवारी त्यांचा उपास, आणि दुपारपर्यंत ओसरीवर माणसं जमतात, कुणाच्या मुलीचं लग्न, कुणाचा खटला, कुणाची आटलेली म्हैस. अक्का घुमायला लागल्या की आमच्या घरात कुणाची टाप नाही हूं का चूं करायची.

वहिनी यंदा तयारीनं आल्या होत्या. आदल्या दिवशी त्यांनी स्वानंदीला फोन लावला. तिनं डॉक्टरांना विचारून कळवलं की उपास नकोच, आणि ऐकणारच नसतील तर सकाळची सुई थांबवा, जेवायचं ताट समोर आलं की मगच द्या. वहिनींनी सकाळी सुई दिली नाही. आरती संपत आली, नैवेद्याची पानं वाढली, तेव्हा त्यांनी दादांना आतल्या खोलीत बोलावून टोचलं. त्यांचं चुकलं ते एवढंच. ताट समोर आलं होतं, पण देवाच्या.

कारण आमच्याकडे देवानंतर कुत्रा. खंडोबाचं जनावर ते. त्यानं नैवेद्याला तोंड लावलं की मग घरातल्या थोरल्या पुरुषानं घास घ्यायचा, मग इतरांनी. एरवी हे दोन मिनिटांचं काम असतं. यंदा आमची पूजा लांबली आणि तोवर गल्लीतल्या बाकीच्या मराठ्यांचे नैवेद्य उरकून गेलेले. कुत्री टम्म! एक पांढरं आलं, त्यानं भरिताचा वास घेतला आणि आमच्याकडे पाठ करून उन्हात आडवं झालं.

“तोंड लावलं नाही,” अक्का म्हणाल्या. “दुसरा आणा.”

माझा मुलगा धीरज मोटरसायकलवर देवीच्या टेकरीच्या पायथ्यापर्यंत जाऊन आला. तिथून फोन, “आत्या, इकडची तर सगळी खाऊन पडलीयेत. एकदम सुस्त. उठतच नाहीत यार.” अक्का म्हणाल्या, बायपासकडे बघ.

वहिनी स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. मला हळूच म्हणाल्या, “सुमंगला, यांना आता खायलाच पाहिजे.”

“मग सांगा ना!”

त्या दोन पावलं पुढं झाल्या. “अहो, थोडा गूळ तरी तोंडात टाका.”

दादांनी नकाराची मान हलवली. अक्कांनी मागं वळूनसुद्धा पाहिलं नाही. “मालन, देवाच्या कामात तुझ्या सुईची घाई नको.”

झालं. वहिनी दोन पावलं मागं आल्या. मला अक्कांचा राग आला आणि त्याहून वहिनींचा आला. त्या नुसत्या दादांच्या पाठीकडे बघत उभ्या होत्या.

डिसेंबरची थंडी, देवघरात ऊन येत नाही, आम्ही बायका शाली गुंडाळून बसलेल्या, आणि दादांच्या मानेवरून घामाची धार. पाठीला सदरा चिकटला. कुत्रा न घेता परत आलेल्या धीरजवर ते एकदम ओरडले. दादा कधी कुणावर ओरडत नाहीत, धीरजवर तर नाहीच. धीरज कावराबावरा झाला. मग दादांचा हात थरथरायला लागला. मग खांदे. मान एका बाजूला झुकली, डोळे एका जागी लागले, आणि तोंडातून शब्द आले, “जळाली... आतून जळाली सगळी... बंद करा...”

अक्का ताडकन उठल्या. “आला! मल्हारी आला गं बाई!”

आमच्या ह्यांनी हात जोडले. कुणीतरी घंटा वाजवली. ‘येळकोट येळकोट जय मल्हार’चा असा गजर झाला की शेजारचे धावत आले. ओसरीवरून कुणी ओरडलं, “भिया, देव आए हैं!” आणि दार माणसांनी भरून गेलं. अक्कांनी मूठभर भंडारा घेऊन दादांच्या कपाळाला, गालांना, छातीला फासला. दादांच्या अंगात याआधी कधी देव आला नव्हता. थोरला पुरुष, चंपाषष्ठीचा दिवस, मग कुणाला शंका येणार? मीसुद्धा हात जोडले.

“काय जळालं देवा?” अक्का विचारत होत्या. “आमचं काय चुकलं? सांगा!”

“जळाली... तार काढा...”

माणसांच्या अंगावर काटा आला. घरावर काही मोठं संकट येणार असंच सगळ्यांना वाटलं. आमचे हे तर रडायलाच लागले, धीरजला पुढं ढकलून म्हणाले, “देवा, पोराच्या नोकरीचं तेवढं बघा.” धीरज दादांच्या पायावर पालथा पडला.

माझ्या दंडाला कुणीतरी घट्ट धरलं. वहिनी. दुसऱ्या हातात साखरेचा डबा. “ते मोटरीचं बोलतायत,” त्या कुजबुजल्या. “दुकानात असंच बोलतात. ही साखर उतरलीय.”

मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. घाम, थरथर, भलतंसलतं बोलणं, चिडणं, हे सगळं त्यांनी मला फोनवर पाठ म्हणून दाखवलं होतं. पण हेच तर देवाचंही असतं! अक्कांच्या अंगात येतो तेव्हा वेगळं काय दिसतं? आणि वहिनी काही देव न मानणाऱ्यातल्या नाहीत. दर रविवारी भंडाऱ्याशिवाय पाणी पीत नाहीत.

“आणि देव असला तर गं?” त्यांनी मला विचारलं. ओठ पांढरे पडले होते त्यांचे.

पाटावर दादा पुढं कलंडले. दोघांनी त्यांना धरून बसवलं. मान आता राहत नव्हती, शब्दही बोबडे झाले होते. अक्का म्हणाल्या, “देव जड होतोय. आवाज वाढवा.” घंटेचा नाद कानठळ्या बसवायला लागला.

आणि मग मी तो आवाज ऐकला. आधी कळलंच नाही कुणाचा.

“बाजूला व्हा!”

माणसं वळली. वहिनी गर्दीत शिरल्या होत्या. एकाच्या खांद्याला धरून त्यांनी त्याला अक्षरशः ओढून बाजूला केलं. घंटा थांबली.

“हा देव नाही. हा माझा नवरा आहे. याला शुगर कमी पडलीय, याला साखर द्यायची आहे, सरका.”

अक्का आडव्या आल्या, दोन्ही हात पसरून. “खबरदार मालन! अंगात देव असताना हात लावशील तर वंश बुडेल.”

“सरका, अक्का.”

“आणि देव असला तर?”

वहिनींचा श्वास लागला होता. क्षणभर मला वाटलं, आता या मागं येणार. नेहमीसारख्या दोन पावलं मागं. मी मनातल्या मनात म्हणत होते, नको वहिनी, नको मागं येऊस. आयुष्यात मी त्यांना पहिल्यांदा ‘तू’ म्हटलं, तेही मनात.

“देव असला तर साखर खाऊन जाईल,” वहिनी म्हणाल्या. “नवरा असला तर वाचेल.”

त्यांनी अक्कांचा हात खाली केला आणि दादांपुढं गुडघे टेकले. मग आम्हाला एकेकाला कामाला लावलं. “सुमंगला, अर्धी वाटी पाणी. भाऊजी, गाडी काढून दारात आणा, लागली तर लागली. धीरज, यांना मागून धर, मान सरळ.” आमचे हे डोळे पुसत गाडीच्या किल्ल्या शोधायला पळाले.

वहिनींनी वाटीत साखर कालवली, घट्ट, आणि चमच्याच्या टोकावर थोडीशी घेतली. दादांनी तोंड घट्ट मिटलं. “अहो, मी मालन. तोंड उघडा.” उघडेनात. त्यांनी गाल थोपटले. तोंड उघडलं, चमचा गेला, आणि त्यांनी सगळं थुंकून टाकलं, पिवळं, भंडाऱ्यासकट, वहिनींच्या तोंडावर. मागं कुणीतरी ‘शिव शिव’ म्हटलं.

वहिनींनी तोंड पुसलं नाही. “आधी एकच थेंब. गिळा. मला गिळून दाखवा.” मला खालच्या आवाजात म्हणाल्या, “गिळलं नाही तर तोंडात काही घालायचं नाही. कुशीवर वळवायचं आणि सरळ दवाखाना.” त्यांची नजर दादांच्या गळ्यावर होती. आम्हा सगळ्यांचीच होती. गळा हलत नव्हता. मी देवाचं नाव घेतलं, आणि कुठल्या देवाचं घेऊ तेही कळेना, कारण ज्याला हाक मारायची तोच समोर बसलाय असं घर म्हणत होतं.

गळा हलला.

“हां,” वहिनी म्हणाल्या. “आता अजून.”

थेंब थेंब करत अर्धी वाटी पोटात गेली. मग त्यांनी मला पुन्हा वाटी भरायला सांगितली. कुणी जागचं हलत नव्हतं. अक्का भिंतीला टेकून उभ्या होत्या. दादांच्या हाताची थरथर कमी झाली, मग थांबली. डोळे इकडून तिकडे फिरले, माणसं मोजल्यासारखे. शेवटी ते स्वतःच्या छातीवर थांबले.

“हा भंडारा कुणी फासला?” दादा म्हणाले. “सदरा नवा आहे माझा.”

वहिनींनी पिशवीतून मशीन काढून दादांचं बोट टोचलं. एवढी साखर पोटात जाऊनही आकडा खालीच होता. त्यांनी तो दादांना दाखवला आणि नैवेद्याचंच एक ताट ओढून पुढं ठेवलं.

“कुत्र्यानं तोंड...” दादा म्हणाले.

“कुत्रा येईल तेव्हा येईल. घास घ्या.”

दादांनी घास घेतला. अक्का आपल्या खोलीत निघून गेल्या.

कुणाला वाटेल, आता घरानं वहिनींना डोक्यावर घेतलं असेल. छे! शेजारचे जाताना म्हणत गेले, देव आला होता हो, बाईनं घालवला. आमच्या ह्यांना धीरजच्या नोकरीचं उत्तर अर्ध्यात राहिलं याचीच हळहळ. आणि दादा, ज्यांच्यासाठी एवढं केलं, ते संध्याकाळी म्हणाले, “चारचौघांत माझा तमाशा केलास. पिढ्यान् पिढ्या कुणी कुत्र्याआधी जेवलं नव्हतं.” वहिनी म्हणाल्या, “उद्यापासून तुम्ही ठरवा, सुई घ्यायची की उपास करायचा. दोन्ही मिळायचं नाही.” दादा उठून अंगणात गेले. मी भांडी घासत होते. वहिनी माझ्याशेजारी येऊन बसल्या आणि त्यांना हुंदका आवरेना. “सुई मीच आधी दिली गं,” त्या म्हणाल्या. “गेले असते तर माझ्याच हातानं गेले असते.” मी म्हटलं, गेले नाहीत ना? तर म्हणाल्या, “मी पहिल्यांदाच जोरात बोलले असते, तर घंटा वाजवायची वेळच आली नसती.” हे खरं होतं, आणि खोटं सांगायला मला जमेना.

सकाळी दोघं धारला निघायची होती. रविवार. अक्कांनी आदल्या दुपारपासून कुणाशी बोलणं टाकलेलं, जेवल्याही नव्हत्या. ओसरीवर माणसं जमायला लागली होती, नेहमीपेक्षा जास्तच, कालची बातमी सगळीकडे गेली होती ना. मी आणि वहिनी स्वयंपाकघरात वाटेसाठी पोळ्या करत होतो. अक्का आत आल्या. मला वाटलं, आता शापच देणार. पण त्यांनी आधी मागं दाराकडे पाहिलं, मग कमरेच्या पिशवीतून गोळ्यांचं एक पाकीट काढून ओट्यावर ठेवलं.

“मालन, ही कशाची आहे बघ.”

वहिनींनी वाचलं. हिंदी शाळेत शिकलेल्या त्या, इंग्रजी अक्षरं अडखळत वाचली, पण औषधाचं नाव त्यांना वर्गातनं पाठ होतं. “अक्का, ही शुगरची गोळी.”

“मला ठाऊक आहे. दोन वर्षं घेतेय. घरात कुणाला सांगितलं नाही, म्हातारी झाली म्हणतील.” अक्का पाट ओढून बसल्या. एवढ्या थकलेल्या मी त्यांना कधी पाहिल्या नव्हत्या. “डॉक्टर म्हणाले चुकवायची नाही. म्हणून रविवारी उपास असला तरी सकाळी घेतेच. आणि दुपारी...” त्यांनी पुन्हा दाराकडे पाहिलं. “मलाही असाच घाम येतो गं. पहिल्यांदा आला तेव्हापण रविवारच होता. लोक म्हणाले देव आला. मी पण म्हटलं, देवच.”

तव्यावरची पोळी करपली, मी उलटायची विसरले.

“आज घेतलीत?” वहिनींनी विचारलं.

“घेतली.”

“काल दुपारपासून पोटात काय?”

अक्कांनी हात पुढं केला. बोटं थरथरत होती. वहिनींनी धारच्या वाटेसाठी भरलेली पिशवी उपसली, मशीन काढलं, बोट टोचलं. आकडा बघून त्यांनी तो आम्हाला वाचून दाखवला नाही. साखरेचा डबा घेतला, चमचा भरून अक्कांच्या तळहातावर ठेवला, आणि पोळी-भाजीचं ताट वाढून समोर सरकवलं.

अक्कांनी साखर खाल्ली. ताटाकडे मात्र नुसत्या बघत राहिल्या. ते ताट म्हणजे काय हे आम्हा तिघींनाही कळत होतं. रविवारचा मान, ओसरीवरची गर्दी, नारळ, पाया पडणं, विधवा होऊन आल्यावर या घरात त्यांना जे काही मिळालं होतं ते सगळं.

“मी लोकांना काय सांगू?” त्यांनी विचारलं.

“मला नाही माहीत, अक्का,” वहिनी म्हणाल्या आणि त्यांच्याशेजारी खाली बसल्या. “पण जेवा. मी इथंच आहे.”

अक्कांनी घास मोडला. तेवढ्यात ओसरीवरून हाक आली, “अक्का, देव आले का?”

अक्कांनी तोंडातला घास पुरता चावून गिळला. मग बाहेर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, “थांबा जरा. मी जेवतेय.”